लाल दिव्यावर लुपे आत्या

तेलेसियाच्या वडिलांनी रविवारी भर चर्चमध्ये उभं राहून काय जाहीर केलं, ते खुद्द तेलेसियाला कळलं मंगळवारी, आणि तेही मासळीच्या दुकानात.

"काय ग लेसी," मासा तोलता तोलता दुकानदारीण म्हणाली, "शुक्रवारी आमच्यासाठी मोटरवे मोकळा करून देणार म्हणे तू! तुझे बाबा म्हणाले, कुणी लवकर निघायची गरज नाही. सिग्नलचे दिवे आपल्या घरचेच आहेत."

लेसीच्या हातातली पिशवी खाली पडायची राहिली. शुक्रवार म्हणजे जोडून आलेल्या सुट्ट्यांचा पहिला शुक्रवार. त्या संध्याकाळी अख्खं ऑकलंड गाडीच्या टपावर होड्या बांधून उत्तरेच्या किनाऱ्याकडे धावतं. आणि नेमकी त्याच संध्याकाळी शहरातल्या मोठ्या सभागृहात सगळ्या टोंगन, म्हणजे टोंगा बेटांवरून आलेल्या लोकांच्या, चर्चांची गायनस्पर्धा होती. स्पर्धेचा नियम साधा आणि निर्दय: नाव पुकारलं आणि गायनमंडळी पडद्याआड हजर नसली, तर बाद. मग तुम्ही ईस्टरपासून घसा कोरडा केलेला असो, नाहीतर कमरेला गुंडाळायला नवी चटई विणून घेतलेली असो.

आणि ओटाहुहूच्या मंडळीने, म्हणजे लेसीच्याच चर्चने, दोन्ही केलं होतं.

लेसी तरातरा घरी आली. बाबा, म्हणजे इसिलेली, ओसरीवर कावा हे मुळ्यांचं पेय बैठकीत वाटायची लाकडी परात पुसत बसले होते.

"बाबा, तुम्ही काय सांगितलंत चर्चमध्ये?"

"खरं तेच सांगितलं. मोटरवेचे दिवे माझी लेक सांभाळते. खोटं आहे?"

"सांभाळते म्हणजे घरच्यांसाठी उघडून देते असं नाही ना!"

"मग कुणासाठी उघडतेस? परक्यांसाठी?" इसिलेलीने अगदी निरागसपणे विचारलं.

आता या माणसाला काय बोलणार? जन्मभर त्याने विमानतळावर दुसऱ्यांच्या बॅगा उचलल्या होत्या. पाठ वाकली, पण तोंडातून कधी तक्रार निघाली नाही. त्याची मुलगी इंजिनिअर झाली आणि नियंत्रण कक्षात बसायला लागली, तेव्हापासून मात्र त्याच्या तोंडाला खळ नव्हता. दुकानात, दवाखान्यात, कुणाच्या मयतीतसुद्धा तो लेकीच्या नोकरीचा विषय काढायचा. लेसी वैतागायची, पण मनातून तिला ते आवडायचंही. त्यामुळे ती गप्प बसली, आणि हीच तिची चूक झाली.

शिवाय आत लुपे आत्या होती.

आम्हा टोंगन माणसांत बापाच्या डोक्यावर कुणी असेल तर त्याची बहीण. आत्या मागेल ते द्यायचं, आत्या म्हणेल ते करायचं, आणि आत्या रागावली तर बापानेही चटईवर खाली मान घालून बसायचं. तेलेसिया हे नावसुद्धा आत्यानेच ठेवलेलं. आईने मनात काढलेलं नाव आईच्या मनातच राहिलं. ही लुपे आत्या ओटाहुहूच्या गायनमंडळीची मुख्य. तिने हात वर केला की आवाज वर जायचा, आणि भुवई वर केली की पाळकांचं प्रवचनसुद्धा आटोपतं व्हायचं.

आत्या दारात आली. "शुक्रवारी आम्हाला वेळेवर पोचवशील ना ग?"

"तुम्ही लवकर निघा, आत्या. दुपारीच निघा."

"लवकर निघणाऱ्यांच्या भाच्या दिव्यांवर बसत नाहीत," आत्या म्हणाली आणि पुन्हा आत गेली. विषय संपला.

शुक्रवारी चार वाजता लेसी तिच्या पडद्यांसमोर बसली, तेव्हा दक्षिणेकडून शहरात येणारा मोटरवे काठोकाठ भरलेला होता. काठोकाठ, पण धावता. हीच तर खरी कमाल. तिच्या शेजारी बसणारा डर्मट म्हणजे जुनं खोड; त्याने खुर्ची मागे रेलून म्हटलं, "आज जर हा फुटला नाही, तर मी तुला चहा पाजतो."

"तू रोजच पाजतोस."

"मग आज बिस्किटसुद्धा."

रस्ता फुटणं हा त्यांचा रोजचा शब्द. लोकांना वाटतं, गाड्या जास्त झाल्या की रस्ता तुंबतो, बस्स. एवढं सोपं असतं तर लेसीची गरजच नव्हती. रस्ता भरत जातो तसा तो जास्त जास्त गाड्या वाहून नेतो आणि ज्या घटकेला सगळ्यात जास्त नेत असतो, त्याच घटकेला तो मोडायच्या बेतात असतो. अशा वेळी मोटरवेवर चढायच्या बाजूच्या रॅम्पवरून गाड्यांचा घोळका एकदम आत घुसला की एक जण ब्रेकवर नुसता पाय टेकवतो. मागचा जरा जास्त टेकवतो. त्याच्या मागचा दाबतो. आणि पार मागे एखादी बाई ठप्प उभी राहते आणि पुढे अपघात झाला असेल म्हणून हळहळते. अपघात वगैरे काही नसतो. पुढे गेल्यावर तिलाच प्रश्न पडतो, आपण थांबलो कशासाठी होतो?

त्याहून वाईट पुढेच आहे. एकदा असा फुटला की रस्ता आधीइतक्या गाड्या नेईनासा होतो. थांबलेली प्रत्येक गाडी पुढची हलल्यावर क्षणभराने हलते, आणि त्या क्षणाक्षणाची भरपाई कुणी करत नाही. लेन तेवढ्याच, डांबर तेवढंच, पण पलीकडे निघणाऱ्या गाड्या कमी. ज्या वेळी रस्त्याची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच वेळी रस्ता आखडता हात घेतो, आणि मग तास तास सावरत नाही.

म्हणून रॅम्पच्या तोंडाशी ते छोटे दिवे. हिरवा झाला की एक गाडी सुटते, मग लाल, मग पुढची. अख्खं शहर त्या दिव्यांना शिव्या घालतं. लेसीचा सख्खा भाऊ घरात जेवताना, तिच्यासमोर, तिच्या हातचं खात घालायचा. ती हसून सोडून द्यायची. रॅम्पवर खोळंबलेल्या माणसाला आपला लाल दिवा दिसतो, पुढचा धावता रस्ता दिसत नाही. त्यात त्याचा काय दोष? पण संध्याकाळ धड पार पडली की घरी जाताना तिची छाती भरून यायची. एवढा मोठा रस्ता आज आपण तोलून धरला, कुणाला कळलंही नाही, असं तिला वाटायचं आणि ते अगदी खरं होतं.

पाचच्या सुमाराला ओटाहुहूच्या रॅम्पवरच्या कॅमेऱ्यात लाल रंग दिसायला लागला. एका गाडीच्या खिडकीतून झेंडा, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. टोंगाचे लाल झेंडे. लेसीने कपाळावर हात मारला. बाबांच्या शब्दावर विसंबून साऱ्या मंडळीने दुपारची झोप काढली होती, सावकाश अंघोळी केल्या होत्या, आणि आता सगळे एकाच वेळी घराबाहेर पडले होते. घोळका घोळका म्हणतात तो हाच. पुस्तकात उदाहरण म्हणून द्यावा असा, आणि तो तिच्याच घरचा.

"तुझी माणसं?" डर्मटने वाकून पाहिलं.

"आहेत."

"बरीच आहेत."

"अजून बस यायचीय."

बस सगळ्यात शेवटी आली. आत्याने ती अर्ध्या वाटेतून मागे फिरवली होती, कारण एका बाईची कमरेला गुंडाळायची चटई आत्याला साधी वाटली. चांगली चटई घरून आणेपर्यंत बाकी सगळे पुढे निघून गेले. आता रॅम्पवर पुढे अख्खी मंडळी, आणि शेपटाला ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप ती गायनमंडळी. बसची मागची चाकं खालच्या चौकाच्या जेमतेम अलीकडे, रॅम्पवरच होती.

लेसीचा फोन थरथरला. कामावर फोन घ्यायचा नसतो. पण पडद्यावर आत्याचं नाव होतं, आणि ते नाव वाजत असताना बसून राहणं तिला जन्मात शिकवलेलं नव्हतं.

"लेसी."

"हो, आत्या."

"आम्ही तुझ्या दिव्यापाशी उभे आहोत."

"दिसताय मला."

"दिसतोय? मग हात हलवू का?"

बसमध्ये हशा पिकला. म्हणजे फोन सगळ्यांना ऐकू येत होता.

"हे बघ," आत्या म्हणाली, "दिवा हिरवा कर, आणि आमची बस वर चढेपर्यंत तसाच ठेव. यादीत आमचा नंबर दुसरा आहे. वेळ नाही."

मागून बाबांचा आवाज आला, "करेल, करेल! मी सांगितलं होतं की नाही?"

लेसीने समोर पाहिलं. पुढे एलर्सलीच्या वळणावर रस्ता श्वास रोखून धावत होता. एकेक गाडी तो सामावून घेत होता; दोन दोन झेपल्या नसत्या. आणि एकट्या बसला वर घ्यायचं म्हणजे आधी तिच्या पुढची सगळी झेंडेवाली वरात एकदम वर ओतायची. वळणावर रस्ता फुटला असता, आणि बस त्याच फुटलेल्या रस्त्यात जाऊन उभी राहिली असती. मागून मोटरवेवर येणारे आणखी किती जण, त्यांना तर कुणी आत्याही नव्हती.

हे सगळं तिला दिसत होतं. फोनवर मात्र फक्त एकच शब्द मावणार होता.

"नाही, आत्या."

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. दिवा मी सोडणार नाही."

बसमधला हशा मध्येच तुटला. लुपे आत्याला नाही म्हणण्याची वेळ त्या घरावर आजवर आलेलीच नव्हती. म्हणजे आली असेल, पण कुणी म्हटलं नव्हतं. मग फोन हिसकावल्याचा आवाज आला आणि बाबा बोलायला लागले. त्यांचा आवाज उतरला होता.

"लेसी, अगं मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय."

"बाबा, कावाच्या बैठकीत तुम्ही पेला एकेकाला का देता? सगळ्यांनी एकदम परातीत हात घातले तर?"

"असं कोण करतं?"

"तुम्ही मला आत्ता तेच करायला सांगताय. सांडेल सगळं. कुणालाच मिळणार नाही, तुम्हालाही नाही."

पण इसिलेलीही काही कमी नव्हता. "राजा आला तर पहिला पेला राजाला देतात," तो म्हणाला.

"मग आत्या काय राजा आहे?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायची बसमध्ये कुणाची छाती झाली नाही. फोन बंद झाला.

डर्मटला टोंगन शब्द कळले नव्हते, पण चेहरा कळला. तो सावकाश उठला.

"रांगेचं शेपूट चौकात गेलं की रॅम्प सैल सोडायचा, हा आपलाच नियम आहे," तो कपाकडे बघत म्हणाला. "ती बस जवळजवळ चौकातच आहे. जवळजवळ. कुणी विचारणार नाही. मी चहा करून आणतो, मला जरा वेळ लागेल."

भला माणूस. तो गेला आणि लेसी एकटी राहिली. दोन बोटांचं काम होतं. नियमाचं कारण होतं, सोबतीला डर्मटची पाठ होती. घरी सगळ्यांनी डोक्यावर घेतलं असतं. बाबांचा शब्द राहिला असता, आत्याने गालाचा मुका घेतला असता. आणि रस्ता फुटला असता तर? सुट्टीचा शुक्रवार, फुटायचाच होता, असं सगळ्यांनी म्हटलं असतं. तिच्याकडे बोटसुद्धा कुणी दाखवलं नसतं.

पण बस चौकाच्या अलीकडे होती. जवळजवळ नव्हे, अलीकडेच. लेसीने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसली.

हिरवा, एक गाडी. लाल. हिरवा, एक गाडी. लाल. झेंडे एकेक करून वर चढत होते. एका पिकअपच्या खिडकीतून तिचा भाऊ कॅमेऱ्याकडे मूठ दाखवत गेला. पाळकांची गाडी गेली. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहायचं टाळलं. बस पुढे सरकत होती, एका वेळी एका गाडीइतकी. समोरच्या काचेआड, पांढऱ्या पोशाखात, आत्या ताठ बसलेली दिसत होती. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता हे बरंच होतं.

शेवटी बसला हिरवा मिळाला. लांबलचक, जड धूड ते. हळूहळू वेग घेत रॅम्पच्या टोकाला आलं. लेसी खुर्चीच्या कडेवर आली. हिच्यासाठी कुणी ब्रेक दाबला तर संपलंच. एका भाजीच्या ट्रकने पाय जरा सैल सोडला, पुढे बेताची जागा झाली, आणि बस त्या जागेत शिरली. ड्रायव्हरचा हात आभाराला बाहेर आला. पडद्यावरचा वेगाचा आकडा खाली घसरला, आणखी घसरला, तिथेच थबकला, आणि मग पुन्हा वर चढायला लागला. मागच्या गाड्या जराशा दबल्या आणि सावरल्या. रस्ता फुटला नाही.

बस वळणावरून पार झाली, पुढच्या कॅमेऱ्यात आली, त्याच्या पुढच्यात गेली. कुठेही न थांबता. आजूबाजूला होड्या, गाद्या, सायकली लादलेल्या गाड्या, सगळ्या धावत होत्या. लेसीचे डोळे भरून आले. अवघं शहर घराबाहेर पडलेल्या दिवशी तो रस्ता धावत होता, आणि तो तिचा होता. आत्याचा राग एका बाजूला आणि हे सुख एका बाजूला, दोन्ही एकदम तिच्या छातीत मावत नव्हतं.

डर्मट कप घेऊन आला. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बशीत बिस्किटं दोन होती.

पाळी संपल्यावर ती सभागृहावर गेली. न जाऊन चालणार नव्हतं. दाराशी भाऊ उभा होता.

"पोचलात?"

"पोचलो. बसमधून उतरल्या त्या थेट पडद्याआड. नाव पुकारलं तेव्हा शेवटची बाई पायरीवर होती." मग त्याने नाक खाजवलं. "रॅम्प सोडला तर कुठे थांबलो नाही आम्ही. मला वाटलं होतं, वर सगळं अडलेलं असणार."

"आणि आत्या?"

"गायली तर अशी गायली की छप्पर उडालं. बाकी बोलत नाही. तुझं नाव काढलं की दुसरीकडे बघते. तू मागच्या दाराने ये."

लेसी पुढच्याच दाराने गेली. मागच्या दालनात जेवणं चालली होती. नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांचा वास सुटला होता, सगळ्या चर्चांची माणसं लांब टेबलांना बसली होती. ती शिरली तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून दुसऱ्या मंडळीचा एक पोटसुट्या कारभारी बाबांना हाक मारत होता.

"काय रे इसिलेली! मोटरवे तुझ्या घरचा ना? मग आमची गाडी मागून येत होती, तू आमच्यासारखाच लाल दिव्यावर ताटकळलेला दिसलास! लेक ओळखत नाही वाटतं बापाला?"

टेबलं हसली. इसिलेलीने मान खाली घातली. ती घातलेली मान लेसीने पाहिली, आणि फोनवर न डगमगलेली ती दारातच थांबली. इसिलेली बोलायला गेला, "माझी पोर..."

टेबलाच्या टोकाला लुपे आत्याने हातातला घास ताटात परत ठेवला आणि उठून उभी राहिली. आत्या उभी राहिली की आमच्यात जेवणं थांबतात. पलीकडची टेबलंही थांबली.

"त्याला काय विचारतोस? मला विचार," ती कारभाऱ्याला म्हणाली. "दिवा सोड, असं मी सांगितलं होतं. मी. भर बसमध्ये, सगळ्यांच्या देखत."

तिने आपल्या डोक्याला हात लावला.

"केस पांढरे झाले माझे. भाऊ आहे, भावाची मुलं आहेत, चाळीस बायका माझ्या हाताकडे बघून गातात, हे पाळक इथे बसलेत. मला आजवर एकानेही 'नाही' म्हटलेलं नाही. म्हणायला हवं होतं तेव्हाही कुणी म्हटलं नाही." तिने पाळकांकडे पाहिलं, पाळकांनी ताटात पाहिलं. "आज हिने म्हटलं. आणि रॅम्प चढल्यावर आमची बस या दारापर्यंत थांबली नाही. तुझी थांबली?"

"नाही," कारभारी पुटपुटला.

"मग हसतोस कशाला?" मग ती भावाकडे वळली. "आणि तू, मान वर कर. लेकीने लाज आणली नाही तुझी."

इसिलेलीने मान वर केली. दारात उभी असलेली लेसी त्याला तेव्हा दिसली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते लेसीने आजवरच्या सगळ्या बढायांत कधी पाहिलं नव्हतं. तो तोंडाने काहीच बोलला नाही. बहुधा पहिल्यांदाच.

लुपे आत्याने हाताने लेसीला जवळ बोलावलं, शेजारच्या बाईला सरकायला लावलं आणि आपल्या ताटातला घास तिच्या हातावर ठेवला. मग सगळ्या दालनावरून एक नजर फिरवून, कुणाला काही शंका असली तर ती आत्ताच निघावी अशा आवाजात म्हणाली,

"अगदी माझ्यावर गेलीय."